हैबतीच्या चार सुऱ्या

“...पण बुवा, चारांतली एकच ठेवायची झाली, तर कोणती?”

हंसपुरी बुवा पुढे सरकून बसले.

धुनीपुढे घोंगडी अंथरली होती आणि घोंगडीवर चार सुऱ्या मांडल्या होत्या. चारी नव्या, चारी लखलखीत, चारींना सांबरशिंगाच्या एकसारख्या मुठी. बुवा पुढे वाकून एकीकडे बघत, मग दुसरीकडे, मग परत पहिलीकडे. जत्रेत पहिल्यांदा आलेलं पोर खेळण्यांच्या पालापुढे उभं राहतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

विचारणारा होता हैबती लोहार.

कोंडगाव संस्थानात पोलादाला पाणी द्यावं तर हैबतीनेच, असं लोक म्हणत. लोक म्हणायचं विसरले, तर हैबती स्वतः आठवण करून देई.

तो मोरझरीच्या मठात आला होता त्याला कारण होतं. संस्थानच्या गादीवर नवे सरकार बसले होते. शिकारखान्यात जो तो आपल्या मनाची सुरी बाळगतो, कुणी कातड्याला भोकं पाडतो, कुणी आतडं फोडून सगळं मांस नासवतो, हे त्यांच्या नजरेला आलं. त्यांनी हुकूम काढला, की येत्या दसऱ्याला संस्थानातल्या लोहारांनी आपापली सुरी दरबारात आणावी. जी पसंत पडेल, तिच्याच घाटाच्या सुऱ्या पुढे शिकारखान्यात चालतील. मात्र एका लोहाराने एकच सुरी आणायची.

एकच.

हैबतीची पंचाईत तिथेच झाली. त्याच्याकडे चार होत्या, आणि चारी चांगल्या होत्या.

त्याने आपल्या परीने पुष्कळ शोध घेतला होता. शिकारीच्या तळावर जाऊन राहिला. ज्याच्या त्याच्या हातात चारी सुऱ्या देऊन पाहिल्या. कातडी कमावणाऱ्या बाळा ढोराने रुंद, गोल पोटाची सुरी उचलली आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो म्हणाला, हिचं टोक वर उचललेलं आहे, लांब लांब हात मारला की कातडं पांघरुणासारखं सुटून येतं, कुठे ओरखडा नाही. मुदपाकखान्याच्या आचाऱ्याने नेमकी तीच बाजूला सारली. त्याला अरुंद, लवचिक पात्याची हवी होती, जी हाडाच्या कडेकडेने वळत जाते आणि सांध्यात शिरते. जुन्या शिकाऱ्यांचं मत असं, की टोक खाली उतरलेलीच खरी. पोट उघडताना ते टोक आत बोचत नाही. आणि तरण्या शिकाऱ्यांना वेड लागलं होतं चौथीचं. तिच्या पाठीवर आकडा होता. तसला आकडा हैबतीने एका साहेबाच्या सुरीला पाहिला होता आणि घरी येऊन त्याहून सरस घडवला होता. कातड्याला एवढीशी चीर पाडायची, आकडा अडकवायचा आणि ओढायचं. पिशवीचा बंद सुटावा तसं पोट उघडतं.

प्रत्येकाचं म्हणणं ऐकताना हैबतीला ते पटे. दुसऱ्याचं ऐकलं की तेही पटे. रात्री अंथरुणावर पडला की चारी सुऱ्या डोळ्यांपुढे यायच्या आणि झोप उडायची. बक्षिसाची हाव त्याला होतीच, नाही असं नाही. पण त्याहून मोठा किडा त्याच्या डोक्यात शिरला होता. जनावर एक, कातडं एक, हात एक... मग त्या कामाचा खरा घाटही एकच असला पाहिजे. तो कुठला?

तेव्हा त्याला कुणीतरी बुवांचं नाव सांगितलं.

बुवा गोसावी होण्याआधी थोरल्या सरकारांच्या शिकारखान्याचे प्रमुख होते. डोंगरात जेवढी जनावरं आहेत तेवढी त्यांनी सोलली असतील, असं लोक बोलत. मग एका हिवाळ्यात त्यांनी बंदूक जमा केली, सुरी जमा केली आणि मोरझरीला येऊन बसले. का, याबद्दल जितकी तोंडं तितक्या गोष्टी. बुवा स्वतः कधी सांगत नसत, आणि विचारलं तर जांभळं खा म्हणत.

“बुवा, ऐकताय ना?” हैबती म्हणाला.

“ऐकतोय की. रक्ताने हात बरबटला म्हणजे ही मूठ फिरते का रे?”

हैबतीला बरं वाटलं. हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. त्याने सांगितलं, की नाही फिरत. शिंगाचा खडबडीतपणा त्याने मुद्दाम राखला आहे.

मग बुवा विचारतच सुटले. पातं एवढं पातळ, मग हाडावर आपटलं तर त्याचा तुकडा पडेल का? केसांवर धार लवकर मरते, मग कातडं बाहेरून कापायचं की आतून? थंडीत बोटं बधिर झाल्यावर कुठली सुरी बरी? प्रत्येक सुरी त्यांनी तर्जनीवर आडवी ठेवून तोलून पाहिली. आकड्यात करंगळी अडकवून पाहिली आणि स्वतःशीच हसले.

हैबतीने सगळ्याची उत्तरं दिली. देता देता त्याची छाती फुगली. त्याला वाटलं, आता बुवा एकीवर बोट ठेवणार.

बुवा उठले, कोपऱ्यातला फणस घेऊन आले आणि गोल पोटाच्या सुरीने कापायला बसले.

हैबतीचा जीव कळवळला. पात्यावर पांढरा चीक साचत चालला होता.

“बुवा, ती फणसासाठी नाही केलेली.”

“नाही?” बुवांनी सुरी बाजूला ठेवली. “मग यांतली फणसाला कोणती?”

हैबती रुसून तेलाचा बोळा घेऊन सुरी पुसत बसला. बुवांनी फणस हातानेच फोडला आणि एकेक गरा काढून त्याच्यापुढे ठेवला.

असे काही दिवस गेले.

वैशाख सरत आला होता. डोंगर भाजून निघाला होता. ओढे आटले, झरे आटले. मठाखालच्या कुंडात तेवढं पाणी होतं, म्हणून रानातली सगळी तहान तिथे उतरत असे. हैबती पाणी भरी, सरपण फोडी, आणि सवड मिळाली की बुवांपुढे येऊन बसे. प्रश्न तोच. कधी असा फिरवून, कधी तसा.

बुवा टाळत होते म्हणावं, तर तसंही नाही. हैबतीने विषय काढला की तेही रंगून जात. एकदा हैबतीने धुनीच्या राखेत बोटाने सांबर काढलं. गळ्यापासून शेपटापर्यंत एक रेघ, पायांच्या आतल्या अंगाने चार रेघा. कुठे चिरायचं, कुठे सोडवायचं, कुठे सुरी थांबवून नुसत्या मुठीने कातडं रेटायचं, हे तो दाखवू लागला. बुवा उकिडवे बसून बघत राहिले.

“इथे?” त्यांनी राखेतल्या पोटावर काडी टेकवली.

“इथे आकड्याची. जुने लोक दोन बोटं आत घालतात, बोटांवर कातडं उचलून धरतात आणि मधून सुरी चालवतात. फार वेळ जातो त्यात. आकड्याला बोट लागतच नाही.”

“बोट लागत नाही...”

“नाही. डोळे मिटून ओढा.”

बुवा राखेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मी बोटं घालायचो.”

“तेव्हा आकडा नव्हता, बुवा.”

“हो. तेव्हा आकडा नव्हता.”

ते एवढं साधेपणाने म्हणाले, की हैबतीला आपण वाद जिंकलो की हरलो, तेच कळलं नाही. त्याने धीर करून सरळच विचारलं, की तुम्हांला खरंच ठाऊक नाही, की ठाऊक असून सांगत नाही?

“मला ठाऊक नाही,” बुवा म्हणाले. “तू आल्यापासून मलाही कोडं पडलंय. बघू या की.”

हैबतीला ते खरं वाटलं नाही. गुरू लोक असंच म्हणतात, हे त्याला माहीत होतं. त्याने मनाशी ठरवलं, की एखादं जनावर मिळालं पाहिजे. बुवांच्या हातात चारी सुऱ्या द्यायच्या आणि हात कुठे वळतो ते पाहायचं. तोंड खोटं बोलेल, हात बोलणार नाही.

जनावर मिळालं.

दुपार कलली होती. हैबती ओट्यावर बसून सुऱ्यांना तेल लावत होता. रानात कुठेतरी शीळ वाजली. मग दुसरीकडून तिला जबाब आला. पाखराची शीळ नव्हे. बारीक, लांबट, एकमेकांना हाका घातल्यासारखी.

बुवांनी मान वर केली. “कोळसुंदे.”

रानकुत्री शिकारीवर होती. पाचोळा वाजला, कारवीच्या काटक्या मोडल्या, आणि वरच्या अंगाने एक सांबर धडधडत खाली आलं आणि कुंडात शिरलं. मादी होती. पोटाएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि वळून पाहू लागली. मागचे दोन्ही पुठ्ठे फाटले होते. तिच्याभोवतीचं पाणी लाल होत गेलं.

तिच्यामागून कुत्री आली. तांबडी, झुपकेदार शेपटांची. काठावर येऊन ती पसरली. त्यांना घाई नव्हती.

बुवा धुनीचा चिमटा घेऊन उतरले. ओरडले नाहीत, धावले नाहीत. नुसते चालत गेले. कुत्री त्यांच्याकडे बघत एकेक पाऊल मागे सरली, वरच्या खडकांवर जाऊन बसली आणि जिभा काढून धापा टाकू लागली.

मादी दोन पावलं काठाकडे आली. गुडघे मोडले. ती उथळ पाण्यात आडवी झाली.

हैबती सुऱ्यांची घोंगडी छातीशी धरून धावतच खाली पोचला. आणि हे सांगितलंच पाहिजे, की त्या घडीला त्याच्या मनात दया नव्हती. त्याचे डोळे लकाकत होते. इतक्या दिवसांची वाट पाहिलेली गोष्ट आपल्या पायांनी चालत आली होती. पोट केवढं, मान केवढी, कातड्याचा पुठ्ठ्याकडचा भाग तर कामातून गेला, पण बाकीचं चांगलं आहे... त्याची नजर आधीच चिरा मारत सुटली होती.

त्याने काठच्या सपाट दगडावर सुऱ्या ओळीने मांडल्या.

बुवा पाण्यात बसले होते. मादीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि ओंजळीने तिच्या तोंडात पाणी सोडत होते. काही आत जाई, काही बाहेर येई.

“बुवा, सोडवू का तिला? एका घावात...”

बुवांनी नुसती मान हलवली. गरज उरली नव्हती. मादीच्या नाकपुड्या एकदा फुगल्या, मग सावकाश बसल्या. पुन्हा फुगल्या नाहीत. कान पाण्याला टेकला.

हैबतीने थोडा वेळ जाऊ दिला. तेवढी रीत त्याला होती. मग तो बोलू लागला. तुम्ही एक कूस घ्या, मी दुसरी घेतो. तुम्हांला हवी ती सुरी आधी उचला. मध्ये बदलावीशी वाटली तर बदला, मी काही बोलणार नाही, नुसता बघेन...

बुवांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मादीच्या पोटावर तळहात ठेवला होता.

ते तसेच राहिले. हैबती बोलता बोलता थांबला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा आपल्या तळव्याच्या जागी टेकवला.

कातडं गरम होतं, ओलं होतं. खाली काही नव्हतं... आणि मग होतं. गोधडीखाली झोपलेल्याने कोपर मारावं, तसं काहीतरी आतून त्याच्या हातावर आदळलं. थांबलं. परत आदळलं.

हैबतीने हात ओढून घेतला.

आई गेली होती. आतलं अजून गेलं नव्हतं. पण आईचा श्वास थांबला म्हणजे त्याचाही थांबलाच. फार तर चार पळांचा उशीर.

“कोणती घेऊ?” हैबती म्हणाला.

बुवांनी मादीचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं.

“बुवा, कोणती?”

“लवकर,” बुवा म्हणाले.

हैबती दगडाकडे वळला. चारी सुऱ्या उन्हात चमकत होत्या. गोल पोटाची खोल जाईल. अरुंद पात्याची वळेल, पण तिचं टोक... टोक आत कुणाच्या डोळ्यात गेलं तर? उतरत्या टोकाची बरी. पण तिला धार लावून झाली होती का? आकडा. आकड्याला बोट लागत नाही. आकडा आत जाऊन एवढ्याशा पायात अडकला तर त्याला कळणार कसं?

एवढा विचार त्याने केला, हे त्याला नंतर आठवत होतं. त्यापुढचा सुरीचा विचार त्याला आठवत नाही.

आठवतात ती बोटं. डाव्या हाताची दोन बोटं त्याने चिरेतून आत घातली आणि कातडं वर उचललं. बोटांच्या पाठीला ऊब लागत होती. बोटं पुढे सरकत होती आणि त्यांच्या मागोमाग धार येत होती. कातडं झालं, मग मांसाचा पडदा, मग निळसर, ताणलेली, गुळगुळीत पिशवी. तिच्या आत काहीतरी वळलं आणि त्याच्या बोटाला भिडलं. हे गुडघ्याचं टोक, हे नाक, इथे काही नाही... इथे. इथे चिर. डोळे उघडे असून तो बघत नव्हता. सगळं बघणं बोटांत उतरलं होतं.

कोमट पाण्याचा लोट त्याच्या कोपरापर्यंत आला. त्याने हातातलं टाकून दिलं, दोन्ही हात आत घातले आणि ओढलं.

पाडस बाहेर आलं. लांब पायांचं, तपकिरी, बुळबुळीत. नाळ आपसूक तुटली. खुरं ओल्या शेंगेसारखी मऊ होती. मान लोंबत होती.

बुवांनी ते त्याच्या हातून घेतलं. मागच्या पायांनी उलटं धरलं, नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, छाटीच्या पदराने खसाखसा पुसलं. नाकाला तोंड लावून फुंकर घातली. पुन्हा पुसलं. पुन्हा फुंकर घातली.

काही नाही...

खडकावरची कुत्रीसुद्धा गप्प झाली होती.

काही नाही...

मग पाडस शिंकलं.

एवढीशी शिंक. पाठोपाठ कुशी हलली, आत गेली, बाहेर आली. हैबती पाण्यातच खाली बसला. आपण रडतो आहोत, हे त्याला ओठांवर खारट लागलं तेव्हा समजलं.

“दूध,” बुवा म्हणाले.

खाली गवळ्यांची वाडी होती. हैबती असा धावला, की वाटेत पायातल्या वहाणा कुठे निसटल्या, ते त्याला कळलं नाही. पहिल्याच घरापुढे धोंडाई नावाची म्हातारी शेळी बांधत होती. कोपरापर्यंत रक्ताने माखलेला, भिजलेला, अनवाणी माणूस अंगणात येऊन शेळी द्या म्हणतो, हे पाहून तिने आधी दावं सोडून काठी उचलली. सगळं ऐकल्यावर मात्र तिने नुकतीच व्यालेली शेळी निवडली. पाडसाला पहिलं चिकाचं दूधच हवं, दुसऱ्याने भागायचं नाही, असं तिने त्याला बजावलं. आणि शेळी काही त्याच्या हातात दिली नाही. स्वतःच घेऊन डोंगर चढली. वाटभर ती त्याला तो कुठला, कुणाचा, लग्न झालंय का, हे विचारत होती आणि तो भलतीच उत्तरं देत होता.

ती दोघं वर आली तेव्हा बुवा कुंडापाशी नव्हते. ते वर जांभळीखाली बसले होते, आणि पाडस त्यांच्या कांबळ्यात गुंडाळलेलं होतं.

कुंडावर कुत्री उतरली होती. ती खात होती.

“बुवा,” हैबती थबकला, “ती मादी... कातडं...”

बुवा म्हणाले, की शिकार त्यांची होती. आपण त्यांना बराच वेळ थांबवून ठेवलं.

हैबतीने पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

धोंडाईने शेळी पिळली. चिंधीची वात करून ती दुधात भिजवली आणि पाडसाच्या ओठांवर धरली. ते चोखेना. दूध हनुवटीवरून ओघळून गेलं. तिने हैबतीला बोट पुढे करायला सांगितलं. त्याने आपलं बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात दिलं. लोहाराचं बोट, चटके बसून बसून कातडं टणक झालेलं. आधी काहीच झालं नाही. मग एक खरबरीत, गरम जीभ त्या बोटाभोवती वळली आणि ओढू लागली.

“घेतंय,” हैबती हळूच म्हणाला, मोठ्याने बोललं तर ते मोडेल, अशा बेताने.

पाडस जगलं, हे इथेच सांगून टाकतो. मठाच्या आवारात ते वाढलं आणि पुढे रानात गेलं. हैबतीही लगेच परतला नाही. ते आपल्या पायांवर नीट धावू लागेपर्यंत तो मोरझरीलाच राहिला. दसऱ्याला तो दरबारात गेला, तेव्हा चारांतली एकही सुरी त्याच्याजवळ नव्हती. त्याने पाचवीच घडवली होती. आखूड पात्याची, तर्जनीएवढी, आकडा नाही, काही नाही. पाहणाऱ्याला वाटावं, ही तर घरातलीच. सरकारांनी ती पसंत केली की दुसऱ्याची केली, याबद्दल कोंडगावात आजही दोन मतं आहेत. हैबतीला विचारलं तर तो म्हणे, दरबारात गर्दी फार होती, मला नीट ऐकू आलं नाही.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच अजून झालं नव्हतं.

धोंडाई शेळी मठातच बांधून, उद्या येते म्हणून निघून गेली. ऊन कड्यावर चढलं. कुत्रीही कधी गेली कळलं नाही. पाडस बुवांच्या मांडीवर झोपलं होतं, आणि झोपेत त्याचे कान हलत होते.

तेव्हा कुठे हैबतीला सुऱ्यांची आठवण झाली.

तो उठून खाली कुंडावर गेला. पाहतो तर दगडावर चारी सुऱ्या जिथल्या तिथे होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, तेलाचं बोट फिरवलेल्या, ओळीने मांडलेल्या. तो वाडीला गेला होता, तेव्हा बुवांनी हे काम उरकलं असणार. रक्ताचा डाग नाही, केस नाही.

तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

मग त्याच्या लक्षात आलं.

त्याने एक उचलली. उलटसुलट केली. मूठ आणि पातं जिथे जुळतं, त्या फटीत नखाने खरवडून पाहिलं. वास घेतला. तेलाचा वास. दुसरी उचलली. तिसरी. केसांवर चालली म्हणजे धार जराशी मरते, म्हणून त्याने एकेकीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. चारी धारा सारख्याच लागल्या. त्याने डोळे मिटले आणि उजवा हात मिटून, उघडून पाहिला. मुठीची आठवण येते का? पण मुठी त्यानेच एकसारख्या केल्या होत्या. डाव्या हाताला सगळं आठवत होतं. उजव्याला काहीच नाही.

इतक्या वर्षांच्या कामात, एवढ्या माणसांना विचारून, जे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, ते आज त्याच्या स्वतःच्या हाताने निवडलं होतं. विचारायला वेळ नसताना, एका क्षणात, न चुकता. आणि ते कोणतं होतं, हे त्याला माहीत नव्हतं.

तो चारी सुऱ्या घेऊन वर आला. जांभळीखाली बुवांच्या पुढ्यात त्याने त्या ठेवल्या.

“बुवा.”

“हं.”

“मघाशी... मी उचलली ती यांतली कोणती?”

बुवा पाडसाच्या अंगावरचं कांबळं सारखं करत होते.

“मला आठवत नाही,” हैबती म्हणाला. “खरंच आठवत नाही. पण तुम्ही तर समोरच होतात. माझ्या हातापासून वीतभरावर होतात. तुम्ही बघितलं असेल.”

बुवांनी चारी सुऱ्यांकडे पाहिलं. एकीकडे, मग दुसरीकडे. अगदी मनापासून पाहिलं.

मग त्यांनी हैबतीकडे पाहिलं.

“मी पाडसाकडे बघत होतो,” ते म्हणाले.